डबा राहू द्या सावकाश

आमच्या वसईत आगमनकाळ दोन पद्धतींनी लागतो. पहिली पद्धत चर्चच्या पंचांगाची. संत आंद्रेयाचा सण ३० नोव्हेंबरला; त्याच्या सगळ्यात जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून हा काळ कधी २७ नोव्हेंबरलाच लागतो, तर कधी ३ डिसेंबरपर्यंत लांबतो. दुसरी पद्धत व्हॉट्सअ‍ॅपची. धर्मग्रामाच्या ग्रुपवर ज्या रात्री "मंडपवाल्याला कोणी सांगितलंय का?" असा प्रश्न येतो आणि त्याखाली जो तो नुसते जोडलेले हात टाकून झोपायला जातो, त्या रात्री आगमनकाळ लागला असं समजावं. पहिल्या पद्धतीपेक्षा ही दुसरी जास्त अचूक आहे.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. या काळात करायचं काम एकच, वाट पाहायची. वेदीवर जांभळं कापड, फादरांच्या अंगावर जांभळा झगा, मिस्सामधलं 'ग्लोरिया' बंद, फुलांची आरास बेताची. चर्चचं नवं वर्ष इथूनच सुरू होतं, पण 'हॅपी न्यू इयर' कोणी म्हणत नाही; फादर उलट "जागे राहा" म्हणून बजावतात. हे सांगायचं कोणाला, तर वसईकरांना. विरार लोकल फलाटाला लागून थांबायच्या आत जो माणूस उडी मारून आत शिरतो, खिडकी धरतो, शेजारच्या सीटवर मित्रासाठी रुमाल टाकतो आणि मगच श्वास घेतो, त्याला चार आठवडे शांतपणे वाट बघ म्हणायचं. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी दारात तारा लावून मोकळा होतो. मग समोरच्याचा तारा त्याहून मोठा लागतो. पहिल्या रविवारची मेणबत्ती पेटण्याआधीच आमची आळी अशी लखलखते की बेथलेहेमला निघालेले ज्ञानी लोक चुकून इथेच उतरतील.

माणसाला वाट पाहणं जमत नाही, हे हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विशर्न या पाद्रीबुवांनी १८३९ सालीच ओळखलं होतं. गरीब पोरांसाठी त्यांनी एक आश्रम चालवला होता. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? शेवटी त्यांनी गाडीचं एक चाक घेतलं आणि त्यावर चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या वीस छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवा आणि मोजा. विशर्न प्रोटेस्टंट, पण ते चाक गडगडत कॅथलिकांच्या अंगणातही आलं आणि येता येता वीस मेणबत्त्या वाटेत गळून चारच उरल्या. आमच्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची. त्या दिवशी फादरही गुलाबी झगा घालतात, आणि वर्षभर शेवटच्या बाकावर बसणारी पोरं त्या एका रविवारी पहिल्या बाकावर येतात.

जर्मनीत या चक्राला देवदारासारख्या हिरव्या फांद्या लावतात. आमच्या किनाऱ्यावर सुरू आहे, म्हणून आम्ही सुरू लावतो. सुरूचा गुण असा की पहिल्या रविवारी तो हिरवा दिसतो आणि दुसऱ्या रविवारपर्यंत वाळून उत्तम सरपण होतो. त्यामुळे मेणबत्ती पेटवायला एक कुटुंब पुढे येतं आणि मागे एक वेदीसेवक पाण्याची बादली घेऊन भक्तिभावानं उभा राहतो. गेली काही वर्षं प्लास्टिकचं चक्र आणलंय. वेदीसेवकांमध्ये नाराजी आहे.

पण आमच्या घरात आगमनकाळ खऱ्या अर्थानं पाळतात त्या दोनच वस्तू. एक मनुकांच्या वाईनची बरणी. ती फडताळात बसून निमूट वाट पाहते आणि तिला मध्येच उघडायला जाणाऱ्याला आमच्या सासूबाई पापनिवेदनाला पाठवतात. दुसरी वस्तू म्हणजे शेजारच्या वहिनींचा डबा.

हा डबा समजून घ्यायला हवा. दिवाळीत वहिनी त्यात चकल्या, अनारसे आणि करंज्या घालून आणतात. स्टीलचा, उभा, झाकणावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव आणि कसलंसं साल कोरलेलं. फराळ आमच्याकडे तीन दिवसांत संपतो. डबा रिकामा होतो, आणि रिकामा डबा परत करायचा नाही हा नियम दहा आज्ञांमध्ये नसला तरी वसईत त्यांच्याइतकाच कडक आहे. मग त्यात घालायचं काय? नाताळचा फराळ. तो होणार डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर डबा आमच्या ओट्यावर बसून असतो.

मध्यंतरी वहिनींना डब्याची गरज पडतेच. पण मागायचा कसा? त्या दारात येतात, हवापाण्याचं बोलतात, विरारच्या गाड्यांचं बोलतात, आणि निघता निघता म्हणतात, "डबा राहू द्या हो सावकाश, काही घाई नाही." याचा अर्थ, डबा आत्ता द्या. मी म्हणते, "अहो, देतेच होते उद्या." याचा अर्थ, नाताळपर्यंत मिळणार नाही. हा संवाद दर आठवड्याला होतो आणि दोघीही तो नव्यानं म्हणतो. एकदा मी धीर करून त्यात नुसती केळी घालून डबा परत दिला. दुसऱ्या दिवशी तो रव्याचे लाडू घेऊन परत आला, म्हणजे पुन्हा माझ्याच ओट्यावर. तेव्हापासून मी असले प्रयोग करत नाही.

आमच्या भागात ही देवाणघेवाण जुनी आहे. इथले सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती घरात एकच बोली बोलतात, त्यामुळे भांडणात कुणालाच भाषेची सवलत मिळत नाही. निर्मळला शंकराचार्यांची समाधी आहे. तिथली जत्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. ती कधी आगमनकाळाच्या आधी येते, तर कधी बरोबर मधोमध. फादर वेदीवरून संयमाचं प्रवचन देतात आणि समोरच्या बाकांवर अर्ध्या लोकांच्या पिशव्यांमधून सुकेळ्यांचा वास येत असतो. प्रवचन आटोपशीर होतं. फादरांनाही सुकेळी आवडतात.

इतिहासात मात्र एकदा हिशेब बिनसला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि मराठी फौजा जाताना चर्चच्या घंटा घेऊन गेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक मेणवलीला, एक भीमाशंकरला. डबे परत येतात, घंटा आल्या नाहीत. आमच्या धर्मग्रामातले एक आजोबा नाशिकला गेले की नारोशंकराच्या देवळासमोर उभे राहून ती घंटा डोळे भरून बघतात आणि परत येऊन सांगतात, "चांगली ठेवलीय हो त्यांनी." भाचीला चांगलं सासर मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

आता मूळ विषय. आगमनकाळात नुसती वाट पाहायची नाही, शेजाऱ्यालाही हात द्यायचा, असं फादर सांगतात. आमच्याकडे कुठलीही चांगली गोष्ट सुचली की तिची समिती होते. समितीच्या पहिल्या बैठकीत ठरतं की यंदा गरजू शेजाऱ्यांची यादी करायची. ती कुणी करायची यावर दुसरी बैठक होते. घरोघरी जायचं काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं वर्षभर गाजावाजा न करता करत असतातच. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मित्रांना घेऊन सुरू केली. तिची पद्धत अशी की गरिबाला रांगेत उभं करायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, आणि शक्यतो दोघांनी मिळून जायचं. पद्धत फार शहाणपणाची आहे. फक्त पॅरिसमध्ये बसून ओझानाम यांना आपल्याकडच्या चहाचा अंदाज आला नसावा.

कारण इथे मदत घेऊन कुणाच्याही दारात गेलं की पहिलं वाक्य येतं, "आधी बसा." दुसरं, "चहा टाक गं." ज्याच्या घरात साखर संपली म्हणून तुम्ही साखर घेऊन आलात, तो शेजारून साखर उसनी आणून तुम्हाला चहा पाजतो. तो चहा नाकारला तर अपमान, प्यायला तर अपराध. सोसायटीतले जुने सभासद दोघांमध्ये कामाची वाटणी करतात, एकानं बोलायचं आणि एकानं प्यायचं. संध्याकाळपर्यंत पिणारा पित्तानं हैराण होतो.

यादीचंही असंच. ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो. "आमचं ठीक आहे हो, त्या पलीकडच्या रिक्षावाल्याकडे बघा, त्याचा पाय मोडलाय." रिक्षावाल्याकडे गेलं तर तो पलंगावरून म्हणतो, "माझं काय, पाय जुळेल. त्या बंगल्यातल्या म्हाताऱ्यांचं बघा." त्या बंगल्याकडे समितीचं लक्ष गेलेलंच नव्हतं. कसं जाणार? दोन मजले, पुढे बाग, दारात झाकण घातलेली मोटार. मुलगा कॅनडात, मुलगी इस्रायलमध्ये, आणि घरात ऐंशी ओलांडलेली दोघं. त्यांना पैसा नको, धान्य नको. त्यांना गॅसचा सिलिंडर बदलायला, दवाखान्यात सोडायला आणि टीव्हीचा रिमोट कुठे दाबला म्हणजे चित्र परत येतं ते सांगायला माणूस हवं होतं. आणि हे सगळं इतके दिवस करत कोण होतं? तोच रिक्षावाला. त्याचा पाय मोडला, म्हणून बंगला अडला. आता या दोघांपैकी गरजूंच्या रकान्यात नाव कुणाचं घालायचं आणि मदतनिसांच्या रकान्यात कुणाचं, यावर समितीत वाद झाला. शेवटी दोघांचीही नावं दोन्हीकडे लिहिली आणि खाली बेरीज करायचं टाळलं.

वस्तू जमवणं त्यामानानं सोपं, असं वाटतं. रविवारी मिस्साला येताना एकेक वस्तू आणा असं जाहीर केलं की सगळे तांदूळ आणतात. पुढच्या रविवारी फादर विनंती करतात की तांदूळ पुरेसे झाले, कृपया तेल, डाळ, साबण आणावा. त्या रविवारी आणखी तांदूळ येतात. कारण जे मागच्या वेळी आले नव्हते, त्यांनी आधीची सूचना ऐकलेली असते. कपड्यांबद्दल न बोललेलं बरं. जुने पण धड कपडे द्या म्हटलं की माणसं कपाटातल्या वरच्या कप्प्याला हात घालतात. लग्नातले सूट, पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, कुण्या काळी आखातातून आलेलं एक जाडजूड जाकीट. ते जाकीट दर वर्षी येतं. ते कोण आणून ठेवतं आणि नाताळानंतर कोण परत नेतं, याचा शोध लागलेला नाही.

मागे एका डिसेंबरात आम्ही वसईच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका आदिवासी पाड्यावर गेलो होतो. टेम्पोत तांदूळ, केक आणि उत्साहात भरलेले बरेच सूट. पाड्यावरच्या एका आजींनी सगळं शांतपणे बघितलं. केकचा तुकडा खाल्ला, गोड आहे म्हणाल्या. मग सुटाचं कापड बोटांनी चाचपून विचारलं, "हे घालून भात लावायचा का?" आमच्यातलं कुणीच बोलेना. पुढे त्यांनी आपणहून सांगितलं की ताडपत्री आणि दोन घोंगड्या आणल्या असत्या तर बरं झालं असतं, डिसेंबरात डोंगरातली थंडी वाजते. निघताना त्यांनी टेम्पोत वालाच्या शेंगा टाकल्या. फुकट काही घ्यायचं नाही, असा त्यांचाही नियम होता. परतीच्या वाटेवर टेम्पो जाताना होता तेवढाच भरलेला, कारण सूटही बरोबरच होते.

तेव्हापासून आधी विचारायचं आणि मग न्यायचं असं ठरलं. समितीतल्या काही ज्येष्ठांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते गरजूला काय हवं हे विचारत बसलं तर ऐन नाताळात देण्याचा आनंद जातो. माझं मत उलट आहे, पण मी बैठकीत बोलत नाही. माझ्याकडे चहाची जबाबदारी असते.

आगमनकाळाचा काही भाग दर वर्षी मार्गशीर्षात जातो, हीदेखील एक गंमत. शेजारच्या वहिनींचे महालक्ष्मीचे गुरुवार आणि आमचे संयमाचे दिवस एकत्र येतात. गुरुवारी त्यांच्या घरून धूप येतो, म्हणून आम्ही त्या दिवशी इंद्यालचा मसाला वाटत नाही. शुक्रवारी आमच्याकडे मटण नसतं. या वेळापत्रकाचा खरा अभ्यास आमच्या कोळीण मावशींचा. "सोमवारी हे नाही खात, गुरुवारी ते नाही खात. शुक्रवारी तुम्ही मटण सोडता आणि माझ्या टोपलीतल्या पापलेटावर तुटून पडता. याला उपास म्हणतात होय गं बाय?" त्यांना यावर चर्चची अधिकृत भूमिका समजावून सांगायचा प्रयत्न माझ्या नवऱ्यानं एकदा केला. त्या दिवशी पापलेटाचा भाव वाढला.

उद्यापनाच्या गुरुवारी वहिनी मला हळदीकुंकवाला बोलावतात, फळ देतात. मी ते घरी आणते आणि ठेवायला रिकामं काही दिसेना म्हणून त्यांच्याच डब्यात ठेवते.

गायकवृंदाची तालीम याच सुमारास जोरात असते. नियमानं नाताळची गाणी नाताळातच म्हणायची; पण तालीम म्हणून डिसेंबरभर सगळी आळी ती ऐकते, तेव्हा प्रत्यक्ष नाताळच्या रात्री लोकांना ती पाठ असतात आणि गायकवृंदाला नसतात. तरुणांना इंग्रजी गाणी हवी असतात, ज्यात सतत बर्फ पडत असतो. घामानं निथळत, पंखा पाचवर ठेवून ते बर्फाची गाणी म्हणतात. मराठी गाणी जुनाट वाटतात, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला, तेव्हा सिस्टरनी त्याला थांबवून सांगितलं की फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघालं. ऑस्ट्रियात 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं ते १८१८ साली. मग जुनाट कोण? तो मुलगा म्हणाला, "सिस्टर, तुमच्याच हिशेबानं, आपलं." सिस्टर हसल्या आणि त्याला ओव्या पाठ करायला दिल्या.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात पापनिवेदनाच्या रांगा लागतात. शेजारच्या धर्मग्रामांतले फादर मदतीला येतात. आपल्या फादरांपुढे रांग अगदी तोकडी. बाहेरून आलेल्या, आपला आवाज न ओळखणाऱ्या फादरांपुढे ती थेट फाटकापर्यंत. त्यातही एक वयस्कर फादर असतात, ज्यांना जरा कमी ऐकू येतं. त्यांच्या रांगेसाठी लोक सकाळपासून रुमाल टाकून ठेवतात.

या सगळ्यात समितीची शेवटची बैठक होते. कोषाध्यक्ष काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि जमाखर्च जुळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. यंदा त्यांच्या वहीत वाटप संपल्यावर शिल्लक वाढलेली होती. तांदूळ गेले होते. वालाच्या शेंगा, दोन भोपळे, नारळ आणि वहिनींच्या महिला मंडळाकडून आलेले तिळाचे लाडू जमा झाले होते. नाशवंत मालाचं काय करायचं यावर चर्चा चालू असतानाच गणेशोत्सव मंडळाची पोरं आत आली. मध्यरात्रीच्या मिस्साला गाड्यांची कोंडी होते, ती सोडवायला आम्ही वीस जण शिट्या घेऊन उभे राहू, आणि मंडपाचे बांबूही आमचेच घ्या, भाडं नको, असं ती म्हणाली. फादर खूश झाले. काकांनी पेन उघडलं आणि विचारलं, "याची नोंद कशी करायची? काहीतरी कागद हवा."

मंडळाचा खजिनदार तयारीचा होता. त्यानं खिशातून पावतीपुस्तक काढलं, म्हणाला, "काका, कागद आत्ता देतो," आणि माघी गणपतीच्या वर्गणीची पाचशे एक रुपयांची पावती फाडून त्यांच्या हातात दिली. काकांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली, फादरांकडे पाहिलं, फादरांनी छताकडे पाहिलं. काकांनी पैसे दिले. पावती त्यांनी फाइलला लावली आणि नोंद स्वच्छ अक्षरात केली. खातं: वाहतूक नियंत्रण.